खुर्चीतल्या जवानालाही मैदानावर जाऊ द्या

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस
सादर जय हिंद.

मी नागपूरचा निवृत्त हवालदार. फौजेत क्लार्क होतो. आता पहाटे साडेचारला मोहल्ल्यातल्या पोरांना अग्निवीर भरतीच्या तयारीसाठी मैदानावर नेतो. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, १० पुलअप्स, ९ फुटांचा खड्डा. मे महिन्यात ऊन चढल्यावर इथे धावणं जिवावर बेततं, म्हणून अंधारातच सुरुवात. या पोरांना घाम गाळताना पाहिलं की मला माझी भरती आठवते, आणि भरतीनंतरची वर्षंही.

सकाळी पीटी, ४० मिनिटं. त्यानंतर दिवसभर खुर्ची. डाक, पार्ट टू ऑर्डर (जवानांच्या नोंदींचे हुकूम), रजेचे कागद. संध्याकाळी गेम्सची शिट्टी झाली की रायफल कंपनीची पोरं व्हॉलीबॉलला पळायची आणि आम्हाला हुकूम यायचा, ‘तू बस, डाक निघायची आहे.’ बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीत, मी कधी नापास झालो नाही. टेस्ट जवळ आली की महिनाभर जीव तोडून पळायचो, ५ किलोमीटर काढायचो, दोर चढायचो आणि पुन्हा खुर्चीत. कंबर ३२ इंचांवरून ३८ वर गेली. पस्तिशीत शुगर निघाली, मेडिकल कॅटेगरी घसरली. कागदावर मी तोवर फिटच होतो.

सकाळचा व्यायाम आणि दिवसभराचं बसणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. लंडनच्या बसगाड्यांवरचा १९५३ चा अभ्यास जुना आहे: जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये लवकर मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये दिसला नाही. हे अभ्यास सैनिकांवरचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण क्लार्क, स्टोअरमन, ड्रायव्हर यांचं शरीर वर्दी घातल्याने वेगळं होत नाही.

साहेब, माझी मागणी मोठी नाही. गेम्स परेड, म्हणजे संध्याकाळचे खेळ, ऑफिसवाल्यांसाठीही सक्तीची असावी. डाकेचं कारण सांगून ती कुणालाही रद्द करता येऊ नये. दर तासाला पाच मिनिटं उठून चालण्याची मुभा असावी. शारीरिक चाचणीच्या निकालाशेजारी कंबरेचं माप लिहावं. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. आणि बसण्याचे तास कुणीतरी मोजावेत, कारण आजवर ते कुणी मोजलेलं मी पाहिलं नाही.

सुरुवात नागपुरातूनच करता येईल. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूट घडतात, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. मैदानही इथेच, टेबलंही इथेच. वर्षभर करून पाहा.

माझ्या हाताखालचा एक मुलगा अग्निवीर क्लार्क झाला. पहिल्या सुट्टीवर घरी आला तेव्हा पेढे घेऊन आधी माझ्याकडे आला. मी विचारलं, ‘गेम्सला सोडतात का रे?’

तो म्हणाला, ‘कधी कधी, काका.’

आपला,
एक माजी हवालदार (क्लार्क), नागपूर