मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दादांचे जाहीर आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीचा गेमिंग लॅपटॉप आपल्या दुकानातून घरी आला, त्याला आता काही आठवडे झाले. तरी त्या दिवशी गडबडीत आपले आभार नीट मानायचे राहून गेले ही रुखरुख जात नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आमच्या घराच्या दृष्टीने ही खरेदी लहान नव्हती. मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते, दिवसभर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळते. ही दोन्ही कामे एकाच लॅपटॉपवर व्हायला हवी होती, आणि अशा लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे तयार करणारा भाग, मदरबोर्डवरच सोल्डर केलेले, नंतर न बदलता येणारे असल्यामुळे आज जे घेऊ त्यावरच पुढची काही वर्षे काढावी लागणार होती.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्हाला जे ऐकावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही. ‘आत्ता आरटीएक्स ४०५० कार्डाचा लॅपटॉप घ्या, पुढे कार्ड बदलून देऊ,’ असे एका विक्रेत्याने बिनदिक्कत सांगितले. दुसऱ्याने त्याच कार्डाची मेमरी १४ जीबी असल्याचे पडद्यावर दाखवले. तिसऱ्याने एका अतिशय पातळ लॅपटॉपवरचे ४०७० या वरच्या कार्डाचे स्टिकर पुढे केले. ते कार्ड किती वॅटवर चालते, या माझ्या मुलीच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाहीच, उलट माझ्याकडे वळून ‘मुलगा कितवीला आहे?’ असे विचारले. ती माझ्या शेजारीच उभी होती.

आपण पहिल्याच मिनिटाला काउंटरमागचे स्टूल तिच्यासाठी पुढे सरकवले, माऊस तिच्या हातात दिला आणि म्हणालात, ‘तू काय काय चालवतेस ते लाव, मग बोलू.’ दादा, त्या दिवशी आपण पुष्कळ माहिती दिलीत, पण माझ्या मनात घर करून राहिले आहे ते हे स्टूल. तिने ब्लेंडरमधले आपले जड दृश्य उघडले, तेव्हा आपण किंमत काढली नाही, घाई केली नाही. पंख्यांचा आवाज वाढेपर्यंत थांबलात आणि मग कीबोर्डच्या मधोमध हात ठेवून किती तापते ते तिलाच पाहायला सांगितलेत.

त्यानंतर आपण लॅपटॉपमधले काय किती वापरले जाते ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून १४ जीबीचा उलगडा केलात. कार्डाची स्वतःची मेमरी ६ जीबी आणि लॅपटॉपच्या १६ जीबी रॅमपैकी निम्मी उसनी धरून होणारी ती बेरीज होती. रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्र तयार होताना, दृश्य कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले नाही की वेग कोसळतो, हे आपण तिच्याच फाइलवर दाखवलेत. लॅपटॉपमधल्या ४०६० आणि ४०७० या दोन्ही कार्डांना मेमरी ८ जीबीच असते, डेस्कटॉपच्या ४०७० ला मात्र १२ जीबी असते, आणि नाव सारखे असले तरी त्या दोन वेगळ्या चिप आहेत, हेही तेव्हाच कळले. कंपनीने लॅपटॉपमधल्या या कार्डांना ३५ पासून ११५ वॅटपर्यंतची मोकळीक दिलेली असल्यामुळे पातळ बांध्यात कमी वॅटवर कोंडलेले ४०७० हे पुरेशी वीज मिळणाऱ्या ४०६० च्या मागेही पडू शकते. स्टिकरवर यातले काहीच लिहिलेले नसते. आपण चार्जर उलटा करून त्यावरचा वॅटचा आकडा तिला वाचायला लावलात आणि जाड, कमी देखणा, पूर्ण वॅटचा ४०६० सुचवलात. तो आपल्याच काउंटरवरच्या ४०७० पेक्षा बराच स्वस्त होता. वाचलेल्या पैशांत रॅमची दुसरी पट्टी घालून घ्या, एकाच पट्टीवर गेम अडखळतात, हा सल्लाही आपलाच.

आपल्याला आमच्याकडून जास्त पैसे सहज घेता आले असते. ग्राहकाला काही कळत नाही हे दिसत असताना त्याला कळेल असे समजावून सांगणे आणि त्यात आपला नफा कमी होऊ देणे, याला मी साधा सज्जनपणा म्हणते. तो बाजारात अजून आहे, एवढ्यासाठी तरी हे लिहायला हवे होते. आणि ज्या मुलीला इतरांनी गिऱ्हाईक म्हणूनही मोजले नाही, तिच्या प्रश्नाला आपण प्रश्नाचा मान दिलात, याचे मोल मला पैशांत सांगता येणार नाही.

लॅपटॉप उत्तम चालतो आहे. वर्षभराने पंख्यांतील धूळ काढून घ्या असे आपण सांगितले होते. त्या कामासाठी ती आपली आपण येणार आहे, आणि तोवर तिच्याकडे विचारायचे आणखी बरेच साठलेले असेल.

आपली कृतज्ञ,
तिची आई