एकदा मोजलेल्या बीपीवर जाऊ नकोस

प्रिय संजय,

स. न.

तू लिहिलंस की जिने चढून, चहा घेऊन लगेच मोजलेलं बीपी १५०/९४ आलं. तेवढ्या एका आकड्यावरून गोळी ठरत नाही. पण तो आकडा सोडूनही देऊ नकोस. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्या काळात हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात.

आधी सात दिवस घरी मोज. मशीन दंडावर पट्टा बांधायचं घे, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे निवड. लहान पडला तर आकडा उगाच वर दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन ये. मग खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला. सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिही. पहिला दिवस वगळून सरासरी काढ. १३५/८५ किंवा जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबत शुगर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घे. धोका या सगळ्यांचा मिळून ठरतो.

मिठाचा हिशोब वहिनींना विचार. चौघांत किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर झालं. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. पिशवीच्या या हिशोबात विकतचं फरसाण, पापड, लोणचं आणि पाव धरलेलेच नाहीत. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. काकूंची मिश्री मात्र बंदच व्हायला हवी. ती भाजलेली तंबाखूच, आणि निकोटिनने नाडी व बीपी दोन्ही चढतात.

गोळी सुरू झाली आणि वरचा आकडा १२५ पर्यंत उतरला की लोक ती मनानेच बंद करतात. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. आकडा गोळीमुळे खाली असतो, बंद केली की पुन्हा चढतो. कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

वाढलेल्या बीपीने पक्षाघात (स्ट्रोक) येऊ शकतो, म्हणून त्याची लक्षणं घरात सगळ्यांना सांगून ठेव. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर धरवेना किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हा वेळ माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून ती वेळ लिहून घ्या. पाणी, खाणं काही देऊ नका, गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. अ‍ॅस्पिरिनही नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक.

तुमच्या जवळ चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, ते याच आठवड्यात चौकशी करून ठेव. नंबर फोनजवळच्या भिंतीवर चिकटव, काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

तुझा,
अविनाश