दिवाळीला येण्याआधी: नातीच्या घरच्या शिक्षणाबद्दल आई-बाबांना

कोल्हापूर,
८ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

दिवाळीला येऊन थेट फेब्रुवारीतला अंबाबाईचा किरणोत्सव बघूनच परत जायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. तेवढे महिने पोरगी सकाळपासून दुपारपर्यंत तुमच्यापाशीच असणार, म्हणून शाळेत न जाता तिचं शिकणं घरी कसं चालतं ते सविस्तर लिहिते. "मग दिवसभर ती करते काय?" हा बाबांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर फोनवर मावत नाही.

बसून करायचा अभ्यास दोनच तासांचा, सकाळी साडेआठ ते साडेदहा. आधी गणित, मग मराठी. हिंदी आणि इंग्रजी एक दिवसाआड. तिच्या वयाला चौथी लागते, म्हणून पुस्तकं बालभारतीची चौथीची. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. दोन तास कमी वाटतील, पण समोर एकच मूल असलं की तेवढ्यात पुष्कळ होतं. वेळ वाढवू नका. साडेदहानंतर जे गणित चुकतं ते बहुधा दमल्यामुळे चुकतं, आणि आपण समजतो की तिला येत नाही.

माझं खरं मागणं एकच आहे. तिला काय येतं हे बघायचं असेल, तर तोंडी प्रश्न विचारू नका, हातात काम द्या. पाहुण्यांसमोर "सांग बघू, सात आठे किती" झालं की मूल उत्तर आठवत नाही, विचारणाऱ्याचा चेहरा वाचतं. काम हातात असलं की चूक आपोआप समोर येते आणि ती तिची तिलाच दिसते.

आता बाबा, तुमच्यासाठी. माळ्यावरची धान्याची मापं येताना आणा: चिपटं, मापटं, शेर, अधोली. पायली जड आहे, ती राहू दे. अपूर्णांक शिकवायला या मापांइतकं चांगलं साधन मला बाजारात कुठे दिसलेलं नाही, कारण प्रत्येक माप मागच्याच्या बरोबर दुप्पट असतं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. म्हणजे चिपटं हा पाव शेर आणि मापटं हा अर्धा. चौथीतली मुलं पाव आणि अर्धा यांची बेरीज करताना वरचे आकडे वेगळे मिळवतात, खालचे वेगळे, आणि १/४ + १/२ = २/६ लिहून मोकळी होतात. अशा वेळी वहीत खाडाखोड करू नका. परातीत एक चिपटं आणि एक मापटं ज्वारी ओतायला लावा, मग ती सगळी चिपट्यानेच मोजायला सांगा. तीन चिपटी भरतात. मापट्याची दोन चिपटी केल्याशिवाय मोजणी होत नाही, तसे अर्ध्याचे दोन पाव केल्याशिवाय बेरीज होत नाही, हे तिथे डोळ्यांना दिसतं. त्यानंतर वहीत २/४ + १/४ लिहून घ्या.

हा प्रयोग बिघडायची तीन कारणं आहेत. पहिलं म्हणजे शीग, काठाच्या वर चढलेली रास. धान्य देताघेताना आपण माप शिगेने भरतो, आणि शिगेची दोन चिपटी सपाट मापट्यात मावत नाहीत. म्हणून काठावरून पट्टी फिरवून सपाट भरायचं. दुसरं, भरताना माप आपटायचं नाही, नाहीतर दाणे खाली बसतात आणि एकच माप दोनदा वेगळं भरतं. तिसरं, काठ चेपलेला असेल तर ते माप बादच समजा. हे जमल्यावर शेरभर ज्वारी आणि शेरभर पोहे तराजूत घालून दाखवा. माप तेच असून वजन का बदलतं, यावर तिला स्वतःला बोलू द्या, उत्तर पुरवू नका.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे तुम्हाला अजून तोंडपाठ आहेत. ती रोज एकेक म्हणून घ्या, पण मापं समोर ठेवून. "पाच पावकी सव्वा" म्हणताना पाच चिपटी भरली की सव्वा शेर होतो, हे दिसल्यावर पाठांतर जड जात नाही. पुढे १६ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. पन्हाळ्याला जाल तेव्हा अंबरखान्याच्या, म्हणजे गडावरच्या धान्यकोठारांतल्या, गंगा कोठीत उभं राहून हाच हिशेब काढा. तिथे २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. खंडीच्या ३२० पायल्या, म्हणजे ८० लाख पायल्या. सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा १६६० सालच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गडावरच्या माणसांनी काय खाल्लं असेल, हा तिचा प्रश्न आहे. त्याची सुरुवात या कोठ्यांपासून करता येते. शिवछत्रपतींचा इतिहास चौथीच्याच पुस्तकात आहे, त्यामुळे वाचन आणि फिरणं दोन्ही जुळून येतं.

गच्चीवर एक मीटरभर काठी उभी दिसेल, ती काढू नका. दर आठवड्याला तिची दुपारची सर्वांत छोटी सावली मोजायची असते. घड्याळात बारा वाजता मोजून उपयोग नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर, आणि अंशाला चार मिनिटं, त्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरी तेहतीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. त्यातही वर्षभर मागेपुढे होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ १२ वाजून १७ मिनिटांच्या आसपास असते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला १२ वाजून ४७ मिनिटांच्या. नोव्हेंबरात पावणेबारापासून पाऊणपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सगळ्यांत जवळची खूण ती खरी, आणि त्या सावलीची रेघ म्हणजे खरी उत्तर दिशा.

इथेही चुकायला वाव आहे. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार असतो, तेवढ्यानेही माप बदलतं. त्यासाठी खाली फळी ठेवली आहे आणि पाणसळ लावून ती समतल केली आहे, ती हलवू नका. काठी सरळ उभी आहे ना ते ओळंब्याने तपासायचं, उत्तरेकडे कलली की सावली लांबते, दक्षिणेकडे कलली की आखूड होते. सावलीचं टोक पुसट दिसतं, कारण सूर्य ठिपका नसून तबकडी आहे. गडद आणि फिकट यांच्या मधोमध खूण करायची, आणि दर वेळी तशीच. सूर्याकडे बघायचं नाही, हे तिला ठाऊक आहे, तरी लक्ष असू द्या.

या सगळ्याचं कारण अंबाबाईचा किरणोत्सव, मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, असा वर्षातून दोनदा तो का होतो? १० नोव्हेंबरला आपल्या मीटरभर काठीची सावली ६७ सेंटिमीटरच्या जवळपास भरते. मग ती वाढत जाते, २२ डिसेंबरला सुमारे ८४ होते, आणि उतरत उतरत १ फेब्रुवारीला परत ६७ वर येते. २२ डिसेंबरच्या आधी ४२ दिवस, नंतर ४१ दिवस. म्हणजे दोन्ही वेळी सूर्य आकाशात त्याच वाटेवर असतो, आणि मावळताना पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात ती त्या दिशेने. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धूर किंवा वाटेतलं एखादं बांधकाम आलं की किरणं तिथवर पोचत नाहीत. हे तिला आधी सांगू नका. आकडे तिच्या वहीत जमू द्या. फेब्रुवारीत परत ६७ आला की ती स्वतः विचारेल, आणि तुम्ही तेव्हा इथे असणार याचा मला फार आनंद आहे.

भिंतीवर पावसाळ्यातला पंचगंगेचा आलेख लावलेला आहे, राजाराम बंधाऱ्याची रोजची पाणीपातळी. ३९ फुटांची पिवळी रेघ इशाऱ्याची, ४३ ची लाल रेघ धोक्याची. तो वाचताना एक ध्यानात ठेवा. ३९ फूट ६ इंच हे मुलं ३९.६ असं मांडतात, ते चूक आहे. फुटाचे बारा इंच, म्हणून ते ३९.५. आलेखात काही ठिकाणी तिने खोडून दुरुस्त केलंय, ती दुरुस्तीच त्यातली सगळ्यात मोलाची जागा आहे.

गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमाराला लागतात. बाबा, एकदा घेऊन जा, पण चुलवाणापासून लांब उभं करा. रस काहिलीत उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते, ती काढतात, आणि गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. तिने वहीत एवढंच आणायचं: ऊस किती, रस किती, गूळ किती. टनाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. बाकीचं कुठे गेलं, याची उत्तरं म्हणजे चिपाड, मळी आणि वाफ. चिपाड वाळून त्याच चुलीला लागतं, हे तिला दाखवा.

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलात तर सगळी दालनं फिरवू नका, मूल दमतं आणि काहीच बघत नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तेवढी बघा, समोर बसून तिचं चित्र काढू द्या. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, एवढा प्रश्न एका भेटीला पुरे.

आई, मराठी तुझ्याकडे. रोज वीस मिनिटं तिने मोठ्याने वाचायचं, तू ऐकायचं. अडली की तीन सेकंद थांब, मगच शब्द सांग. मग पाच-सहा ओळींचं श्रुतलेखन. तिच्या लिखाणावर लाल पेन नको. चुकलेले शब्द वेगळ्या कागदावर लिही, त्यातला नियम एकच निवड आणि आठवडाभर तोच चालव. सध्या चालू आहे तो असा: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पाटी, लाडू, वस्तू. 'आणि' सारखे अपवाद तिने वहीच्या मागे टिपलेत. पुढचा घ्यायचा तो मूल-मुलाला, फूल-फुलाला हा. दोन नियम एकदम घेतले की दोन्ही कच्चे राहतात. करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली पुस्तकं तिच्या कपाटात आहेत, त्यातलं काय वाचायचं ते तीच निवडते.

खेळायचं तुम्ही विचारलं होतं. पाच ते साडेसहा मैदानावर, गल्लीतली पोरं आणि मोठ्या वयाचीही. भांडण झालं तर लगेच मध्ये पडू नका.

तिला शाळेत न घालण्यावरून बाबांनी शाहू महाराजांचं नाव काढलं, ते मनाला लागून राहिलं. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो दंड मुलांना शिक्षणापासून तोडणाऱ्यांना होता, आणि तो हवाच होता. म्हणूनच मी नोंदी इतक्या काटेकोर ठेवते. ज्या घरात दिवसा जबाबदार मोठं माणूस नाही, किंवा ज्यांना मुलाला शाळेऐवजी कामाला लावायचंय, त्यांनी घरच्या शिक्षणाचं नाव घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पुढचा रस्ता बंद होत नाही. दहा वर्षं पूर्ण झाली की महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा, तेराव्या वर्षानंतर आठवीची. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी, किमान पाच विषय, आणि ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने देता येतात. मधेच शाळेत जावंसं वाटलं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. तिच्या वह्या, आलेख, चित्रं तारीखवार फायलीत लावलेली आहेत, जन्मदाखला आणि आधार त्याच फायलीच्या पहिल्या खणात. दुपारी एक वाजता तेवढं त्या दिवसाचं पान तारीख घालून लावून टाका.

मापं आणताना एकात एक बसवू नका, प्रत्येक वेगळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळा. एसटीत आपटली तर काठ चेपतो. शेरभर नवी ज्वारीही आणा, इथली बाजारातली पॉलिशची असते, मापताना फार निसटते.

तुमची,
लेक