सापळे मोजता, पतंग कोण मोजणार?

मा. संपादक,

आमच्या यवतमाळ भागात शाश्वत कापसाचे प्रकल्प चालू आहेत, नाव कोणाचं घेत नाही. सीझन संपला की पोरं टॅब घेऊन येतात आणि सर्व्हे भरून नेतात, पोरांचा दोष नाही, त्यांना टार्गेट असतं. पण प्रश्न काय तर "कामगंध सापळे लावले का? हो की नाही". (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासाची गोळी ठेवून बोंडअळीचे नर पतंग पकडायचा सापळा.) अहो सापळा लावून काय होतं, त्यातली गोळी वेळेवर बदलली का, पतंग किती पडले हे कोण विचारणार? गुलाबी बोंडअळीसाठी सलग 3 दिवस सापळ्यात रोज 8 पतंग आले की मगच फवारा, असं कृषीवाले सांगतात, म्हणजे खरा आकडा तोच ना.

2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तरी मास्क "वाटले" एवढंच रिपोर्टात येतं, घातले किती जणांनी ते नाही. आणि निंदण-वेचणी करणाऱ्या बायांना तर कोणी विचारतच नाही, सातबाऱ्यावर नाव ज्याचं त्यालाच प्रश्न!

उत्पादन वाढलं म्हणून फोटोसकट छापतात पण त्या वर्षी पाऊसच चांगला असेल तर प्रकल्पात नसलेल्या शेजारच्या शेतकऱ्याचंही वाढलेलंच असणार, त्याचा आकडा सोबत मांडल्याशिवाय कळणार कसं? आमच्याकडून नेलेली माहिती निदान ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, चुकलेलं आम्हीच तिथल्या तिथे दुरुस्त करून देऊ.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ