डॉक्टर दुर्गम भागातच घडवा
महोदय,
जिथे आजार जास्त, तिथेच डॉक्टर कमी, हे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच मांडले होते. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात ते दवाखाना चालवत आणि तिथेच संशोधनही करत. खोकल्याचे औषध न्यायला आलेल्याच्याही दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा, अशी त्यांची रीत. कारण वाढलेला रक्तदाब अनेकदा पक्षाघात झाल्यावरच कळतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या कुटुंबवैद्यक (फॅमिली मेडिसिन) विभागांनीही दुर्गम भागात असाच दवाखाना चालवावा आणि तिथेच संशोधन करावे, शिकवावे. विद्यार्थ्यांची तिथे दोन आठवड्यांची फेरी पुरत नाही. त्यांना महिनोन्महिने त्याच केंद्रात, त्याच कुटुंबांसोबत शिकू द्या. सोबत अनुभवी शिक्षक मात्र हवाच! एकटा पडलेला नवखा डॉक्टर पहिल्या संधीला शहर गाठतो.
– एक वाचक