नकाशावर दोरा धरायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

शाल-श्रीफळाला तुम्ही ठाम नकार दिलात, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहिते आहे, कारण आपल्या नाशिक जिल्ह्यात माझ्यासारख्या स्काउट-गाइडमधल्या कितीतरी गाइड कॅप्टन आहेत, वस्त्यांमधून किशोरी गट चालवणाऱ्या ताया आहेत. जगातले मोठाले प्रश्न बारा-पंधरा वर्षांच्या मुलींशी बोलायचे कसे, हे कोडं त्यांनाही पडतं. तुम्ही म्हसरूळच्या आमच्या मुलींबरोबर जे केलंत ते त्यांच्यापर्यंत पोचावं, असं मला मनापासून वाटतं.

२२ फेब्रुवारी हा आम्हा गाइड लोकांचा चिंतन दिन. स्काउट-गाइड चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल आणि त्यांची पत्नी, दोघांचाही वाढदिवस त्याच तारखेला येतो. १९२६ साली अमेरिकेत भरलेल्या जागतिक परिषदेत ठरलं की या दिवशी देशोदेशीच्या गाइडनी एकमेकींची आठवण काढायची, एकमेकींच्या परिस्थितीचा विचार करायचा. प्रत्यक्षात हा दिवस बहुतेक ठिकाणी कसा होतो ते आपण सगळ्याच जाणतो. ध्वज, प्रार्थना, रांगोळी, घोषवाक्यांची स्पर्धा, ‘पृथ्वी वाचवा’चे तक्ते. मुली हौसेनं करतात, आणि ती हौस मला मोलाची वाटते. पण तक्ते कपाटावर गेले की विषयही कपाटावर जातो.

तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात. निवृत्तीनंतर शनिवारची दुपार आम्हाला द्यायला तयार झालात, तेव्हा एकच अट घातलीत: विषय मुलींच्या घरातून निघाला पाहिजे. मला तेव्हा वाटलं होतं की अशानं आपण गल्लीतच राहू. पहिला विषय निघाला कांद्याचा.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. भाव कोसळले, लासलगाव-पिंपळगावकडे लिलाव बंद पडले, रस्त्यावर आंदोलनं झाली. आमच्या पथकातल्या दोघी-तिघींच्या घरी कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, कांदा होता, त्यामुळे त्या दिवसांत घराघरात दुसरं बोलणंच नव्हतं. तुम्ही मुलींचे तीन गट केलेत. एक निफाडचे शेतकरी, एक दिल्लीत बसलेलं सरकार, एक ढाक्यातल्या घर चालवणाऱ्या बायका. आणि ज्या मुलीच्या वडिलांचा कांदा पडून होता, तिलाच मुद्दाम ढाक्याच्या गटात टाकलंत. ती रागावली. डोळ्यांत पाणीही आलं. तुम्ही तिच्याजवळ बसलात, पण गट बदलला नाहीत. थोड्या वेळानं तीच उभी राहिली आणि म्हणाली, “भारतातून कांदा आला नाही तर आमच्याकडे तो परवडत नाही. मी आज बिनकांद्याचं कालवण केलं. तुमच्या बापाचं नुकसान झालं ते मला दिसत नाही, मला माझी चूल दिसते.” मग ती खाली बसली आणि आपल्याच मैत्रिणींना, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाला, म्हणाली, “आता तुम्ही सांगा.”

त्या दिवशी तुम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहिलात: हे कुणी ठरवलं? बरोबर की चूक, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. सरकारी आदेश कुठून निघतो, कोण काढतो, खासदार कुठे बोलू शकतो, बाजार समितीच्या हातात काय असतं आणि काय नसतं, एवढं मात्र मुलींकडून शोधून घेतलंत. आमच्या पथकात तो प्रश्न इतका रुळला आहे की आता डब्यातल्या भाजीवरूनही तो विचारला जातो.

मग द्राक्षं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले होते. टीव्हीवर ते यायचं आणि जायचं. पण आमच्या एका मुलीची आई दिंडोरी रोडच्या पुढे एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं निवडून भरतात तिथे, हंगामी कामाला जाते. जानेवारी ते एप्रिल हाच तिचा कमाईचा काळ. फेब्रुवारीत घरी बोलणं चाललं होतं की यंदा कंटेनर वेळेवर निघत नाहीत, पॅकिंगचे दिवस कमी भरतील. मुलीनं ते शनिवारी सहज सांगितलं. तुम्ही तिथेच थांबलात आणि जगाचा नकाशा जमिनीवर पसरलात.

लाल दोऱ्याचं रीळ तुमच्या पिशवीत असतंच. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला एक टाचणी, युरोपातल्या रॉटरडॅम बंदराला एक. मुलींनी दोरा अरबी समुद्रातून बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत नेला, तिथून तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि वर. छान बसला. मग तुम्ही बाब-अल-मंदेबवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, “इथून जाता येत नाही. आता न्या.” दोरा आफ्रिकेच्या कडेकडेनं खाली केप ऑफ गुड होपपर्यंत गेला आणि पुन्हा वर चढायला लागला, तेव्हा सेनेगलच्या आसपास संपला. मुलींनी दुसरा तुकडा बांधला. साधारण दोन आठवड्यांचा प्रवास वाढला, जहाजाचं भाडं वाढलं आणि माल नाशवंत. हे वर्तमानपत्रात छापून आलं होतंच. पण गाठ मारलेला तो दोरा हातात धरल्यावर त्या मुलीला कळलं की तिच्या आईची रोजंदारी कुठल्या समुद्रात अडकली आहे.

पुढच्या शनिवारी तिनं आईला बोलावून आणलं. मावशींनी आधी हात जोडून सांगितलं की मला काही बोलता येत नाही, आणि मग चांगलं तासभर बोलल्या. डोक्याला टोपी, हातात मोजे, छोटी कात्री. घड उलटा धरून बारके, डागाळलेले मणी काढायचे, पण उरलेल्या मण्यांवरचा मेणासारखा पांढुरका थर पुसला जाता कामा नये. पनेट म्हणजे द्राक्षांचा छोटा डबा भरायचा, वजन करायचं, बॉक्सवर स्टिकर. त्या स्टिकरवरून युरोपातल्या माणसाला कळतं की ही द्राक्षं कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटची. एका मुलीनं विचारलं, “मग ती कुणाच्या हातानं भरली तेही कळतं का?” मावशी हसल्या आणि नाही म्हणाल्या. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त तो प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगितलात.

बाई, मला तुमचं हे थांबणं शिकायचं आहे. मी असते तर तिथे श्रमप्रतिष्ठेवर भाषण दिलं असतं.

येमेनचं नाव निघालं होतं, म्हणून एकीनं विचारलं की तिथल्या मुली कशा राहतात. तिथून पुढचे कितीतरी शनिवार त्यातच गेले. युद्धाचे, उपाशी मुलांचे फोटो तुम्ही एकदाही दाखवले नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणालात की ज्या मुलीचा फोटो आहे तिला कुणी विचारलं होतं का? त्याऐवजी तुम्ही माणसांच्या गोष्टी आणल्यात. २००८ साली साना शहरात दहा वर्षांची नुजूद अली एकटी कोर्टात गेली आणि तिनं आपल्या लग्नातून सुटका मिळवली, ही गोष्ट ऐकताना वर्गात हूं की चूं नव्हतं. येमेनमध्ये लग्नाच्या किमान वयाचा कायदाच नाही, हे ऐकून मुली म्हणाल्या, “बापरे, तिकडे असं असतं?” तेव्हा तुम्ही रखमाबाईंना आणलंत.

अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणून मुंबईच्या हायकोर्टात उभी राहिलेली आपली रखमाबाई. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि तिनं तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे विलायतेत डॉक्टर झाली, सुरतेत आणि राजकोटला दवाखाने चालवले. तिच्या खटल्यानं पेटलेल्या वादातून १८९१चा संमतिवयाचा कायदा आला. मुलींनी नुजूद आणि रखमाबाई यांना एकाच कागदावर काढलं, मध्ये सव्वाशे वर्षांची रेघ. मग तुम्ही त्यांच्यासमोर आपलेच आकडे ठेवलेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचातली एक. मुलींनी आपल्या रांगेत बोटं मोजली.

इथे तुम्ही जी काळजी घेतलीत ती इतर तायांनी जरूर ध्यानात घ्यावी. तुम्ही मुलींना जोशात येऊन घरी भांडायला पाठवलं नाहीत. कुणीही एकटीनं काही करायचं नाही, विश्वासाचं एक मोठं माणूस बरोबर हवं, आणि कुठल्या मुलीबद्दल बोलतो आहोत हे गटाबाहेर जाता कामा नये. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे कुणी दूरचा साहेब नाही, गावात ग्रामसेवक आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी, हे त्यांनी स्वतः विचारून शोधलं. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांना पाठ झाला. सुरगाण्याकडे नातेवाईक असलेल्या आमच्या एका मुलीनं दिवाळीत आईला बरोबर घेऊन मावशीशी बोलणं केलं, कारण मावसबहिणीचं ठरत आलं होतं. ते लग्न मोडलं की नुसतं पुढे ढकललं गेलं, हे अजून सांगता येत नाही. पण त्या बहिणीचा दहावीचा फॉर्म भरला गेला.

पालकांचं सांगायचं तर सुरुवातीला बऱ्याच जणांनी विचारलं, हे परीक्षेत येणार आहे का? तुम्ही त्यांना कधी बैठकीला बोलावलं नाहीत. स्वतः त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात, चहा घेतलात, कांद्याचा भाव विचारलात. पुण्याला मुलींना पाठवायची वेळ आली तेव्हा एकाही घरातून नकार आला नाही, तो त्या ओट्यांमुळे.

पुण्याचं थोडक्यात लिहिते. आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’ हे गाइडच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ साली सुरू झालेलं, आणि आपल्या इतक्या जवळ असून आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथे परदेशातून आलेल्या एका ताईला आमच्या मुलीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्टिकरची गोष्ट सांगितली. ती ताई नीट ऐकत होती. मग तिनं विचारलं, “तुझ्या आईला काय बदल हवा आहे, ते तू तिला विचारलंस का?”

मुलीनं घरी येऊन विचारलं. मावशींचं उत्तर तयारच होतं, जणू कुणी विचारण्याचीच वाट पाहत होत्या. बसायला उंच स्टूल हवं, दिवसभर उभं राहून पाय सुजतात. आणि संडास जवळ हवा. बाई, तुम्ही त्या वेळी मुलींना पॅकहाऊसला पत्र लिहू दिलंत, पण आधी मावशींची आणि त्यांच्या मैत्रिणींची परवानगी घ्यायला लावलीत. एकीचं नाव पुढे आलं तर तिचाच रोज जाईल, म्हणून सगळ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे गोल वर्तुळात घेतले, पहिलं नाव कुणाचं ते कळूच नये असे. पुढच्या हंगामात स्टुलं आली. संडासाचं बोलणं अजून चालू आहे, आणि ते आता त्या बायकाच करतात.

जागतिक प्रश्न, शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं, २०३०ची मुदत हे सगळं आमच्या मुलींना आता येतं. विचारलं तर धडाधड सांगतात. पण मी तुमची ऋणी आहे ती वेगळ्या कारणासाठी. जगात जे काही चाललं आहे ते कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ठरवणाऱ्याला प्रश्न विचारता येतो, हे या मुली धरून चालतात. त्यांच्या वयाच्या असताना आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं की जग फार मोठं आहे, तू नीट वेणी घाल.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला येणं जमत नाही, हे मुलींना ठाऊक आहे. त्यांनी तुमच्यावाचून गट चालू ठेवला आहे. मोठ्या मुली लहान मुलींना नकाशा शिकवतात. या वर्षीचा विषयही त्यांनीच निवडला, तुमच्या अटीप्रमाणे घरातूनच निघालेला: घरातला फोन भावाच्या हातात का असतो? त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या ५४ टक्के स्त्रियांनीच आपल्याला स्वतः वापरता येतो असा फोन असल्याचं सांगितलं आहे, हे त्यांनी शोधून काढलं. आता बाकीच्या देशांत काय चित्र आहे ते पाहणं चाललं आहे, आणि म्हसरूळमधल्या घराघरात विचारायची प्रश्नावली तयार होते आहे. त्यातले दोन प्रश्न मला जरा आगाऊ वाटतात, पण मी ते खोडलेले नाहीत. तुम्ही एकदा नजर घालावी अशी मुलींची इच्छा आहे. येत्या शनिवारी त्यांच्यातल्या चौघी प्रश्नावली घेऊन तुमच्या घरी येतील. चहा त्या करतील, तुम्ही उठायचं नाही.

बाई, मनापासून आभार.

आपली,
म्हसरूळच्या गाइड पथकाची कॅप्टन
नाशिक