कढईत कुणी डोकावलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लातुरातल्या चिकन-राईसच्या गाड्यांची तुलना वाचली. चव, भाव, प्लेटमधले तुकडे, सगळं मोजलंय. कढईत मात्र कुणी डोकावलेलं दिसत नाही. मी ट्यूशन एरियात खानावळ चालवते. रविवारी रात्री ती बंद असते आणि माझी 'नीट'ची पोरं याच गाड्यांवर जेवतात. म्हणून परवा दोघांना सोबत घेऊन तीन गाड्या फिरून आले.

तुमच्या यादीतल्या पहिल्या नंबरपासून सुरुवात केली. "काकू, इथलं लई भारी लागतंय," पोरगा म्हणाला. खोटं कशाला सांगू, लागलंच भारी. कुरकुरीत, वर तळलेला कढीपत्ता, लिंबू. पण बोटांचा लाल रंग दोनदा साबण लावूनही जाईना. शेजारच्या कर्नाटकानं २०२४ मध्ये चिकन कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. लाली चांगल्या मिरचीनंही येते, फक्त ती मिरची महाग पडते. तेल काळंकुट्ट होतं आणि तुकडे काढून घेतले तरी त्यावरचा फेस बसत नव्हता. रोज तळण करणाऱ्या बाईला एवढी खूण पुरते. अन्न परवान्याच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, की पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारी द्रव्यं, वाढतात आणि ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. २०१८ पासूनचा नियम आहे हा.

दुसऱ्या गाडीवर दुपारचा भात फडक्याखाली ठेवलेला. फ्राईड राईसला गार, मोकळा भातच लागतो, मान्य. पण तो फ्रीजमधला हवा. आपल्याकडच्या उष्म्यात तासन् तास उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, आणि त्यांचं विष कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी जात नाही. मागच्या वर्षी असाच भात खाऊन माझ्याकडचा एक पोरगा रात्रभर ओकला, सोमवारची सराव परीक्षा बुडाली. शिवाय तळलेलं चिकन तिथं निथळत होतं ते वर्तमानपत्रावर. खाण्याला छापील कागद लावायला मनाई आहे. पान तुमचंच होतं, राग मानू नये.

तिसरी गाडी नवरा-बायकोची. कढई लहान, तेल पिवळं. सांगितल्यावर तळायला घेतात, पंधरा मिनिटं थांबायचं. भात थोडाथोडा शिजवतात. मसाला जरा सौम्य आहे, पोरांनी नाक मुरडलं. भाव वीस रुपये जास्त, त्यावरही कुरकुर झाली. तेलाच्या डब्याचा भाव मला रोज कळतो, त्यामुळं ते वीस रुपये कुठं जातात हेही कळलं. ऐंशी रुपयांत प्लेट हवी आणि तेलही रोज नवं हवं, असं गिऱ्हाईकानं तरी कसं म्हणावं?

पुढच्या वेळी आपल्या लेखकानं रात्री नऊनंतर जावं, कढईपाशी उभं राहावं आणि भात कधीचा ते विचारावं. एवढीच विनंती.

तिसऱ्या गाडीचा पत्ता मुद्दाम लिहीत नाही. तिथला भात साडेनऊलाच संपतो.

आपली,
खानावळ चालवणारी एक वाचक, लातूर